तांबूस डोळे आणि यकृताचा शंट: मांजराच्या डोळ्यांच्या रंगापासून निदान आणि उपचारांपर्यंत

मांजराच्या पिल्लाचे डोळे झळाळत्या तांब्याच्या रंगाचे असले, तर बघणारा आधी त्यांचे कौतुकच करतो. बहुतेक वेळा त्या कौतुकात गैर काही नसते. मात्र पिल्लू त्याच वेळी भावंडांपेक्षा लहानखुरे राहिले असेल, अधूनमधून त्याच्या तोंडातून लाळ गळत असेल आणि खाल्ल्यानंतर ते गुंगल्यासारखे वागत असेल, तर त्या रंगाची दखल घ्यावी लागते. यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी, म्हणजेच पोर्टोसिस्टेमिक शंट, जन्मतः असलेल्या अनेक मांजरांच्या बुबुळांना असा तांबूस रंग असतो. हा रंग म्हणजे निदान नव्हे. पण योग्य त्या रक्ततपासणीचे नाव वेळेवर सुचवणारी खूण म्हणून तिचे मोल मोठे आहे, विशेषतः पिल्लाच्या नसबंदीची तारीख ठरवायची असते तेव्हा. ही खूण कशी तपासावी, तिच्याबरोबर आणखी काय पाहावे आणि शंट निघाल्यास पुढे काय करावे, हे या लेखात क्रमाने दिले आहे.

शंटमध्ये नेमके काय बिघडते

पोट, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून येणारे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच शिरेतून येते. अन्नातील पोषक घटक या रक्तात असतात आणि आतड्यातील जिवाणूंनी प्रथिनांचे विघटन करताना तयार केलेला अमोनियाही असतो. निरोगी यकृत या अमोनियाचे युरियात रूपांतर करते आणि तो युरिया मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो.

शंट असलेल्या मांजरात पोर्टल शिरेतील रक्ताचा मोठा भाग यकृतात न जाता थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत मिसळतो. याचे परिणाम दुहेरी असतात. अमोनिया आणि इतर विषारी घटक शुद्ध न होता मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि पोर्टल रक्तातून मिळणारे वाढीचे घटक न मिळाल्यामुळे यकृत स्वतःही खुरटलेले राहते. मांजरांमधील बहुतेक शंट जन्मजात असतात. त्यांतही यकृताच्या बाहेरून जाणारी एकच वाहिनी असण्याचे प्रमाण जास्त असते. गर्भावस्थेत यकृताला वळसा घालणारी एक वाहिनी नैसर्गिकरीत्याच असते आणि जन्मानंतर काही दिवसांत ती बंद होते. ती उघडी राहिली तर शंट यकृताच्या आतल्या भागात राहतो. यकृताच्या जुनाट आजारामुळे पोर्टल शिरेतील दाब वाढून नंतर तयार होणारे शंट मांजरांत विरळ असतात आणि त्यांचे उपचार पूर्णपणे वेगळे असतात. या लेखाचा विषय जन्मजात शंट हा आहे.

बुबुळे तांबूस का होतात, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप झालेले नाही. रंग तांब्याचा दिसतो म्हणून डोळ्यात तांबे साठले आहे असे समजून आहारातील तांबे कमी करण्याचा खटाटोप कोणी करू नये. शंटच्या उपचारात त्याला स्थान नाही.

पहिली पायरी: वय आणि जात लक्षात घेऊन रंग पाहणे

जन्मतः सर्वच पिल्लांचे डोळे मिटलेले असतात. साधारण एक ते दोन आठवड्यांच्या दरम्यान ते उघडतात तेव्हा बुबुळांचा रंग निळसर असतो, कारण बुबुळात रंगद्रव्य अजून तयार झालेले नसते. सहा-सात आठवड्यांपासून हा निळा रंग ओसरू लागतो आणि हिरवा, पिवळा, सोनेरी किंवा नारिंगी रंग उमटतो. काही पिल्लांत हा बदल चौथ्या महिन्यापर्यंत आणि त्यानंतरही चालू राहतो. त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचे डोळे निळ्याचे पिवळसर झाले, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. ती वाढच आहे.

जातीचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. पर्शियन आणि ब्रिटिश शॉर्टहेअर यांसारख्या जातींत गडद नारिंगी किंवा तांबूस डोळे हेच जातीचे वैशिष्ट्य असते आणि त्यासाठी पिढ्यान्पिढ्या निवड केलेली असते. अशा मांजरात डोळ्यांचा रंग शंटबाबत काहीही सांगत नाही. दुसऱ्या टोकाला सयामीसारखी निळ्या डोळ्यांची मांजरे येतात. त्यांच्या बुबुळात रंगद्रव्याचा अभाव असल्याने ती तांबूस दिसण्याची अपेक्षाच ठेवता येत नाही, आणि म्हणून डोळे निळे आहेत या कारणाने शंटची शक्यता खोडून काढता येत नाही. संमिश्र वंशाच्या, आखूड केसांच्या साध्या घरगुती मांजरांत ही खूण सर्वांत उपयोगी पडते. अशा मांजरांचे डोळे सहसा हिरवट, पिवळे किंवा फिकट सोनेरी असतात आणि त्यांच्यात एकसारखा, गडद, धातूसारखी झाक असलेला तांबूस रंग चटकन वेगळा दिसतो. शंट सर्वाधिक आढळतो तोही याच मांजरांत.

दुसरी पायरी: छायाचित्रांची शिस्त

डोळ्यांच्या रंगाबाबत स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे असते, आणि मोबाइलमधील जुन्या छायाचित्रांवर विसंबणे त्याहूनही धोक्याचे. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक वेळी रंगांचा समतोल आपोआप बदलतो. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या चित्रात हिरवट डोळेही मधाळ दिसतात. फ्लॅश वापरल्यास दृष्टिपटलामागील चकाकणाऱ्या थरावरून प्रकाश परावर्तित होतो आणि खरा रंग झाकला जातो.

म्हणून छायाचित्र दिवसा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावे. मांजराच्या चेहऱ्याशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा चित्रात येईल असा धरावा. दोन चित्रांतील कागद सारखाच पांढरा दिसत असेल, तरच त्यांतील डोळ्यांच्या रंगांची तुलना करावी. बाहुलीचा आकारही नजरेला फसवतो. उजेडात बाहुली उभ्या फटीएवढी आकुंचन पावते, तेव्हा बुबुळ पूर्ण पसरलेले आणि फिकट दिसते. अंधूक प्रकाशात किंवा भीतीने बाहुली मोठी झाली, की उरलेल्या अरुंद कड्यात तोच रंग दाट आणि गडद भासतो. त्यामुळे बाहुली साधारण सारख्या आकाराची असतानाची चित्रे निवडावीत आणि आठवड्यातून एकदा, तारखेसह, ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत. रोज चित्रे काढून काही हाती लागत नाही, उलट चिंता तेवढी वाढते.

चित्र पाहताना तीन प्रश्न विचारावेत. रंग दोन्ही डोळ्यांत सारखा आहे का? तो बुबुळभर एकसमान आहे, की ठिपके, डाग किंवा रेषा दिसतात? आणि डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे ना? शंटशी संबंधित तांबूस रंग दोन्ही डोळ्यांत, एकसमान असतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि बुबुळाचा पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. यांपैकी कोणतीही एक गोष्ट जुळत नसेल तर शंटचा विचार तात्पुरता बाजूला ठेवून पुढची पायरी वाचावी.

तिसरी पायरी: रंगबदलाची इतर कारणे वगळणे

प्रौढ मांजराच्या डोळ्याचा रंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदलला, तर त्यामागे शंटपेक्षा डोळ्याचाच आजार असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. बुबुळाला आणि त्याच्या आसपासच्या भागाला सूज आल्यास बुबुळ मळकट, तपकिरी किंवा लालसर दिसते, त्यावर बारीक रक्तवाहिन्या उमटतात, डोळा किलकिला होतो आणि बाहुली लहान किंवा वेडीवाकडी होते. फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, मांजरांचा ल्युकेमिया विषाणू, मांजरांचा प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू आणि टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी ही या सुजेमागची काही महत्त्वाची कारणे आहेत. एका डोळ्यात तपकिरी डाग उमटून हळूहळू पसरत असतील, तर बुबुळातील मेलॅनोमा या कर्करोगाची तपासणी नेत्ररोगाचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून करून घ्यावी. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त उतरले तरी बुबुळ लाल-तपकिरी दिसते. वयस्क मांजरांत उच्च रक्तदाब हे त्याचे एक प्रमुख कारण असते.

कावीळ ही मात्र वेगळी ओळखता आली पाहिजे. कावीळ झालेल्या मांजराच्या डोळ्याचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानाच्या आतील कातडी पिवळी पडते. शंट असलेल्या मांजरांत यकृत लहान असूनही कावीळ सहसा होत नाही. यकृताचा विकार म्हटला की आधी कावीळच आठवते, आणि ती दिसली नाही की यकृताचा विचार मागे पडतो. शंटचे निदान लांबण्यामागे हेही एक कारण असावे. डोळा लाल होणे, दुखणे, ढगाळ होणे किंवा एकच बाहुली मोठी होणे यांपैकी काहीही दिसल्यास छायाचित्रे जमवत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

चौथी पायरी: लाळ, वाढ आणि वागणूक यांची नोंद

शंट असलेल्या मांजराचे सर्वांत बोलके लक्षण डोळ्यांत नसून तोंडात असते. कुत्र्यांच्या तुलनेत मांजरांत लाळ गळण्याचे प्रमाण खूप जास्त आढळते. ही लाळ सतत गळत नाही. दोन दिवस काहीच नसते आणि तिसऱ्या दिवशी हनुवटी ओलीचिंब होऊन छातीवरचे केस चिकटून त्यांच्या बटा होतात. तोंडाच्या विकारातही लाळ गळते, पण तेव्हा तोंडाला दुर्गंधी येते, हिरड्या लाल असतात आणि मांजर खाताना थांबते किंवा अन्न एकाच बाजूने चावते. तोंड स्वच्छ असून लाळ येत-जात असेल, तर संशयाचा काटा यकृताकडे वळवावा.

वाढीची नोंद वजनकाट्यावर करावी, नजरेने नव्हे. निरोगी पिल्लाचे वजन पहिल्या काही महिन्यांत साधारणपणे आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास वाढते. स्वयंपाकघरातला अंकीय काटा यासाठी पुरेसा होतो. भावंडांपैकी एकच पिल्लू सातत्याने मागे पडत असेल आणि जंतांचे औषध देऊन, पुरेसा आहार देऊनही फरक पडत नसेल, तर ती आकडेवारी पशुवैद्याला दाखवावी.

वागणुकीतील बदल बारकाईने पाहावे लागतात, कारण ते येतात आणि जातात. मांजर भिंतीला डोके टेकवून उभे राहते, एकाच दिशेने घिरट्या घालते, तोल जाऊन पाय फाकतात, विनाकारण चिडते, कारण नसताना बाहुल्या मोठ्या राहतात किंवा आकडी येते. काही मांजरांना तात्पुरते अंधत्व येते. हे अंधत्व डोळ्यातून नव्हे, तर मेंदूतून आलेले असते. त्यामुळे उजेड पडल्यावर बाहुली आकसते, तरीही मांजर खुर्चीच्या पायावर आपटते. याची घरगुती चाचणी सोपी आहे. मांजर शांत बसलेले असताना कापसाचा छोटा बोळा त्याच्या समोर, थोड्या उंचीवरून खाली सोडावा. कापसाचा आवाज होत नाही आणि वाराही जाणवत नाही, त्यामुळे दिसत असेल तरच मांजराची नजर त्याच्या मागे जाते. दोन-तीन वेळा करूनही नजर हलली नाही, तर ती नोंद महत्त्वाची समजावी. मात्र कंटाळलेले मांजरही कापसाकडे ढुंकून पाहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

लघवीकडे दुर्लक्ष करू नये. अमोनिया आणि यूरिक आम्ल यांची रक्तातील पातळी वाढल्याने काही मांजरांत अमोनियम युरेटचे खडे तयार होतात. लघवीत रक्त दिसणे, वारंवार कुंथणे ही त्यांची लक्षणे असतात. कुंथूनही लघवी न होणारा बोका ही तातडीची वेळ असते, आणि तेथे शंटच्या निदानाची वाट पाहायची नसते.

या सर्व नोंदींना एक स्तंभ जोडला, तर वहीचे मोल दुप्पट होते: जेवणाची वेळ आणि जेवणातील पदार्थ. प्रथिनयुक्त जेवणानंतर काही तासांत लक्षणे वाढत असतील, तर तो संबंध वहीतच उघड होतो. अर्थात प्रत्येक मांजरात तो स्पष्ट दिसतोच असे नाही, त्यामुळे संबंध न दिसल्यास शंका सोडून देऊ नये. लक्षणे चालू असताना मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पशुवैद्याला शंभर वाक्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत मांजर अगदी ठणठणीत दिसू शकते.

पाचवी पायरी: योग्य तपासणी आग्रहाने मागणे

येथे एक फसगत वारंवार होते. यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीत एएलटी आणि एएलपी ही विकरे (एन्झाइम) मोजली जातात. यकृताच्या पेशींना इजा झाली किंवा पित्ताचा प्रवाह अडला की ती वाढतात. शंटमध्ये पेशी फुटत नाहीत, तर रक्त त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे ही विकरे थोडीशी वाढलेली किंवा पूर्णपणे सामान्य असू शकतात. ‘लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्याने शंट खोडला जात नाही. मांजरांत अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही बहुधा सामान्य असते. युरिया कमी असणे, रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या असणे आणि लघवीत अमोनियम युरेटचे स्फटिक दिसणे, या खुणा मात्र एकत्र वाचाव्यात.

खरी चाचणी पित्ताम्लांची (बाइल अॅसिड) आहे. जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावून पित्ताम्ले आतड्यात सोडते, तेथून ती पोर्टल रक्तात शोषली जातात आणि निरोगी यकृत ती जवळजवळ सर्व परत उचलते. शंट असेल तर ती यकृताला चुकवून सर्वसाधारण रक्ताभिसरणात येतात. म्हणून सुमारे १२ तासांच्या उपवासानंतर एक नमुना घेतात, मांजराला खायला देतात आणि दोन तासांनी दुसरा नमुना घेतात. अगदी लहान किंवा अशक्त पिल्लाचा उपवास किती ठेवायचा हे पशुवैद्याने ठरवावे, कारण त्याच्या रक्तातील साखर घसरू शकते. जेवणानंतरचे मूल्य लिटरला २५ मायक्रोमोलपेक्षा बरेच जास्त आल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते. शंटमध्ये ते अनेकदा १०० च्या वर जाते. उपवासाचे मूल्य सामान्य आणि जेवणानंतरचे असामान्य असेही घडते, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी एकाच नमुन्यावर भागवायचे असेल तर जेवणानंतरचा नमुना वगळू नये. मांजराला कावीळ असेल तर या चाचणीतून नवे काही कळत नाही.

रक्तातील अमोनिया मोजणेही उपयुक्त आहे, पण त्याचा नमुना नाजूक असतो. तो लगेच बर्फात ठेवून त्यातील रक्तद्रव वेगळा करावा लागतो आणि अल्पावधीत तपासावा लागतो. अन्यथा नळीतच अमोनिया वाढून खोटा आकडा मिळतो. त्यामुळे दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या अमोनियाच्या अहवालावर फारसा विश्वास ठेवू नये.

रक्ततपासणीने संशय पक्का झाला की वाहिनी शोधण्याचे काम उरते. सोनोग्राफी भूल न देता होते, पण ती करणाऱ्याच्या हातावर खूप अवलंबून असते आणि तिच्यात शंट दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. रंगद्रव्य टोचून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये वाहिनीचा उगम, मार्ग आणि शेवट स्पष्ट दिसतो. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर हीच तपासणी करून घेणे श्रेयस्कर आहे.

नसबंदीचा मुद्दा येथेच येतो. भूल देण्यासाठी वापरली जाणारी अनेक औषधे यकृतातच निष्प्रभ होतात. शंट असलेले पिल्लू भुलीतून खूप उशिरा बाहेर येते, आणि काही वेळा शंटचा पहिला सुगावा लागतो तो असाच, शस्त्रक्रियेच्या टेबलावर. लहानखुरे, तांबूस डोळ्यांचे, अधूनमधून लाळ गळणारे पिल्लू नसबंदीसाठी नेण्यापूर्वी पित्ताम्लांची चाचणी करून घ्यावी. माझ्या मते या खुणेचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ हाच आहे.

सहावी पायरी: औषधे आणि आहाराने स्थिर करणे

शस्त्रक्रिया करायची असो वा नसो, आधी मांजराला काही आठवडे औषधांनी स्थिर करावे लागते. लॅक्ट्युलोज हे त्यातील मुख्य औषध आहे. हे गोड, चिकट पातळ औषध मोठ्या आतड्यातील आम्लता वाढवते. त्यामुळे अमोनिया शोषला न जाता आतड्यातच अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. मात्रा योग्य आहे की नाही हे बाटलीवरून नव्हे, तर मातीच्या खोक्यावरून ठरते: दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ, पण आकार टिकून राहील अशी शौचास झाली पाहिजे. पाण्यासारखे जुलाब झाल्यास मात्रा कमी करण्याबाबत पशुवैद्याशी बोलावे, कारण शरीरातील पाणी कमी होणे हेही मेंदूवरील परिणाम वाढवणारे एक कारण आहे. लॅक्ट्युलोजची चव बहुतेक मांजरांना अजिबात आवडत नाही. सुईविरहित सिरिंजने ते गालाच्या आत, दातांच्या बाजूला, थोडे थोडे सोडावे. अन्नात मिसळून दिले आणि मांजराने अन्नच नाकारले, तर औषधापेक्षा उपवासाचे नुकसान मोठे होते.

अमोनिया तयार करणारे जिवाणू कमी करण्यासाठी पशुवैद्य अँटिबायोटिक देतात. त्यातील मेट्रोनिडाझोल यकृतात विघटित होत असल्याने शंटमध्ये कमी मात्रेत द्यावे लागते. जास्त झाल्यास त्याने स्वतःच तोल जाणे आणि झटके येणे अशी लक्षणे दिसतात, आणि मग आजार वाढला की औषध जास्त झाले हे ओळखणे कठीण होते. आकडी येत असेल तर लेव्हेटिरासिटॅमसारखे औषध ठरावीक वेळेला दिले जाते.

आहाराबाबत कुत्र्यांसाठीचे सल्ले मांजराला लावू नयेत. मांजर हा शंभर टक्के मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या शरीरात प्रथिनांचे विघटन सतत वेगाने चालू असते आणि प्रथिने कमी मिळाली तरी ते आवरते घेता येत नाही. त्यामुळे प्रथिने अति तोडल्यास ते स्वतःच्या स्नायूंचे विघटन करू लागते आणि अमोनिया घटण्याऐवजी वाढतो. आर्जिनिन या अमिनो आम्लाचे तर असे आहे की त्याचा पूर्ण अभाव असलेल्या एकाच जेवणानंतर काही तासांत मांजराच्या रक्तातील अमोनिया धोकादायक पातळीला जाऊ शकतो, कारण अमोनियाचा युरिया करण्याच्या प्रक्रियेला आर्जिनिन लागते. म्हणून शाकाहारी किंवा घरी मनाने बेतलेला आहार नको. यकृताच्या आजारासाठी बनवलेले, प्रथिने माफक पण पचायला सुलभ असलेले पशुवैद्यकीय खाद्य निवडावे आणि दिवसाचा वाटा चार ते सहा छोट्या जेवणांत विभागावा. मांजर सलग दोन दिवस खात नसेल तर यकृतात चरबी साठण्याचा नवा, जिवावर बेतणारा आजार उद्भवू शकतो. तेव्हा योग्य खाद्य नाकारून बसलेल्या मांजराला त्याच्या आवडीचे खाद्य देणे हा तुलनेने लहान धोका असतो.

मेंदूवरील परिणाम अचानक वाढवणाऱ्या गोष्टीही ठाऊक असाव्यात: बद्धकोष्ठता, शरीरातील पाण्याची कमतरता, कोणताही जंतुसंसर्ग, आतड्यातील रक्तस्राव आणि त्याला कारण ठरणारे जंत. वेदनाशामक औषध स्वतःच्या मनाने कधीच देऊ नये. पॅरासिटामॉल तर निरोगी मांजरालाही मारक आहे.

आकडी आल्यास

मांजर धारदार कडा आणि उंच जागांपासून दूर, जमिनीवर राहील असे पाहावे. दिवे मंद करावेत, आवाज बंद करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात बोट, चमचा, पाणी किंवा मध घालू नये. पाच मिनिटांहून जास्त चालणारी आकडी किंवा एकामागून एक येणाऱ्या आकड्या म्हणजे तातडीने दवाखाना. तेथे लॅक्ट्युलोजचा एनिमा दिला जाऊ शकतो. माणसांसाठी दुकानात मिळणारा फॉस्फेटयुक्त एनिमा मात्र घरी कधीही देऊ नये, कारण त्याने मांजराच्या शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

सातवी पायरी: शस्त्रक्रियेचा निर्णय

केवळ औषधांवर काही मांजरे बराच काळ बरी राहतात, पण मूळ वाहिनी तशीच राहते. शस्त्रक्रियेत ती बंद केली जाते, आणि ती एकदम बंद न करण्यातच कौशल्य असते. खुरटलेल्या यकृतात अचानक सगळे रक्त सोडले तर पोर्टल शिरेतील दाब धोकादायक रीतीने वाढतो. म्हणून वाहिनीभोवती अमेरॉइड कन्स्ट्रिक्टर नावाचे कडे बसवतात. धातूच्या कड्याच्या आतील केसिन (दुधातील एक प्रथिन) शरीरातील द्रव शोषून फुगते, आसपास तंतुमय ऊती तयार होतात आणि काही आठवड्यांत वाहिनी हळूहळू मिटते. सेलोफेनची पट्टी गुंडाळूनही हाच परिणाम साधला जातो. काही शल्यविशारद दाब मोजत रेशमी धाग्याने अंशतः किंवा पूर्णतः गाठ मारतात.

निर्णय घेण्यापूर्वी शल्यविशारदाला थेट विचारावे, की त्यांनी मांजरांवर, केवळ कुत्र्यांवर नव्हे, अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर रात्रभर देखरेखीची सोय आहे का. मांजरांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती कुत्र्यांपेक्षा अधिक आढळतात. पहिल्या तीन-चार दिवसांत आकडी येण्याचा धोका असतो, आणि अमोनिया सामान्य असतानाही ती येऊ शकते. तात्पुरते अंधत्व येऊ शकते. बऱ्याच मांजरांची दृष्टी काही आठवड्यांत परत येते, तोपर्यंत घरातील सामान हलवू नये आणि खोका, पाणी व अन्न यांच्या जागा बदलू नयेत. पोट फुगणे, हिरड्या पांढुरक्या पडणे किंवा रक्ताचे जुलाब होणे ही पोर्टल दाब वाढल्याची लक्षणे असून त्यांत तासांचाही उशीर चालत नाही.

त्यानंतरची देखरेख

वाहिनी मिटली की नाही हे डोळ्यांच्या रंगावरून ठरवू नये. रंग तसाच राहिला म्हणून शस्त्रक्रिया फसली असे नाही, आणि तो फिकट वाटला म्हणून ती साधली असेही नाही. वजन, लाळ, वागणूक आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी केलेली पित्ताम्लांची चाचणी हे खरे मापदंड आहेत. मांजर उत्तम असूनही पित्ताम्ले थोडी वाढलेली राहू शकतात. ती वाढतच गेली किंवा लक्षणे परतली, तर वाहिनी पूर्ण मिटलेली नाही किंवा नवे शंट तयार झाले आहेत का, हे पुन्हा प्रतिमा घेऊन पाहावे लागते. अशा मांजरापासून प्रजनन करू नये. नसबंदी कधी करायची हे शल्यविशारदाशी बोलून ठरवावे. मांजर स्थिर असेल तर काही वेळा ती त्याच भुलीत उरकता येते.

औषधे बंद करतानाही क्रम पाळावा लागतो. मांजर स्थिर असल्यास पशुवैद्य सहसा आधी अँटिबायोटिक थांबवतात, मग लॅक्ट्युलोजची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि त्यानंतर आहारातील प्रथिने हळूहळू वाढवतात. प्रत्येक बदलानंतर एक-दोन आठवडे थांबून वही पाहावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे लक्षण परतल्यास कारण शोधावे लागत नाही. आकडीचे औषध सर्वांत शेवटी आणि सर्वांत सावकाश कमी केले जाते. ते संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढची बाटली आणून ठेवावी, कारण एखाददुसरी मात्रा चुकली तरी आकडी परतू शकते.